दूरच्या चित्राचे वजन : सुपर-टेलिफोटो लेन्सच्या रचनेचा इतिहास

छायाचित्रणाच्या व्यवहारात साधारणपणे ३०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक नाभीय अंतर असलेल्या लेन्सला सुपर-टेलिफोटो म्हणतात. नाभीय अंतर म्हणजे अतिदूरच्या वस्तूकडून आलेले किरण भिंगातून वळून जेथे एकत्र येतात ते स्थान आणि भिंग यांमधील अंतर. ते जितके जास्त, तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा फिल्मवर किंवा संवेदकावर मोठी पडते. प्रस्तुत लेखात संपूर्ण उपकरणाला लेन्स आणि तिच्यातील एकेका काचेला भिंग म्हटले आहे. वन्यजीव, क्रीडा आणि वृत्तछायाचित्रण या क्षेत्रांत या लेन्सचा दबदबा असला, तरी त्यांचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या चढाओढीची हकीगत म्हणून सांगितला जातो, आणि त्यामुळे त्या इतिहासाला सव्वाशे वर्षे वळण देणारा मूळ प्रश्न बाजूला पडतो. तो प्रश्न वजनाचा आहे. दूरचे चित्र टिपण्यासाठी किती काच वाहावी लागते, त्यातील किती भार प्रकाशाच्या नियमांनीच लादलेला असतो आणि किती भार रचनाकाराच्या बुद्धीने हलका होऊ शकतो, हे समजल्याशिवाय या लेन्सच्या रूपात झालेले बदल उलगडत नाहीत.

नियमांनी लादलेला भाग आधी पाहणे सोयीचे आहे. लेन्सची प्रकाश घेण्याची क्षमता एफ-अंकाने सांगितली जाते आणि नाभीय अंतराला प्रकाशाच्या प्रवेशद्वाराच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. म्हणजे ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्सचे प्रवेशद्वार १५० मिलिमीटर व्यासाचे असावेच लागते. ४०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्सचे सुमारे १४३, तर ३०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्सचे सुमारे १०७ मिलिमीटर. या प्रकारच्या लेन्समध्ये सर्वांत पुढच्या भिंगाचा व्यास प्रवेशद्वाराहून लहान असू शकत नाही, आणि कोणत्याही कंपनीला, कोणत्याही काळात, या भागाकारातून सूट मिळालेली नाही. १५० मिलिमीटर व्यासाची आणि सरासरी दीड सेंटिमीटर जाडीची एक चकती कल्पिली, तर तिचे आकारमान सुमारे २६५ घन सेंटिमीटर भरते, आणि घनता ३.२ धरल्यास एकट्या त्या चकतीचे वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जाते. तीच चकती सर्व बाजूंनी प्रमाणात लहान करून १०० मिलिमीटर व्यासाची केली, तर वजन अडीचशे ग्रॅमवर येते, कारण व्यास दोन-तृतीयांश झाला की आकारमान त्याच्या घनाच्या हिशेबाने जवळजवळ तीन-दशांश होते. घनाचा हा हिशेब पुढील संपूर्ण इतिहासाची किल्ली आहे.

टेलिफोटो रचना रूढ होण्यापूर्वी दूरचे चित्र मोठे मिळवण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे नाभीय अंतराएवढीच लांब नळी बांधणे. या मार्गाचे एक भव्य उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर घडले. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया भारतावरून गेली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर येथे कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या तुकडीने विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखाली तळ ठोकला होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची तुकडीही जेऊरलाच होती, आणि नॉर्मन लॉकयर यांनी आपल्या निरीक्षणांसाठी विजयदुर्गाची निवड केली होती. लिकच्या तुकडीने आणलेला कॅमेरा चाळीस फूट, म्हणजे सुमारे १२.२ मीटर नाभीय अंतराचा होता. जॉन मार्टिन शेबर्ली यांनी तो योजला होता आणि १८९३ मध्ये चिलीतील ग्रहणाच्या वेळी पहिल्यांदा वापरला होता. त्याचे भिंग अवघे पाच इंच व्यासाचे असल्यामुळे एफ-अंक ९६ इतका मोठा, म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने लेन्स अतिशय मंद. तरी सूर्याच्या प्रभामंडळाचा आतला भाग तेजस्वी असल्यामुळे एवढा प्रकाश पुरत होता, आणि काचेच्या पट्टीवर सूर्यबिंबाची प्रतिमा सुमारे साडेअकरा सेंटिमीटर व्यासाची पडत होती. एवढ्या लांबीचे उपकरण आकाशाबरोबर फिरवणे अशक्य, म्हणून भिंग जागीच स्थिर ठेवून आकाशातील सूर्याच्या गतीला अनुसरून प्रकाशचित्राची पट्टीच सरकवण्याची व्यवस्था होती. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची, आणि तिच्यासाठी जहाजाने आणि आगगाडीने आणलेली सामग्री व आठवड्यांची उभारणी. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की भिंग स्वतः हातात मावेल एवढे होते. सारा बोजा लांबीचा होता, काचेचा नव्हता.

लांबीच्या या बोजावरचा उपाय त्याच दशकात कागदावरून कारखान्यात आला. दुर्बिणीच्या नेत्रिकेपुढे अंतर्वक्र भिंग ठेवले की प्रतिमा वाढते, हे पीटर बार्लो यांच्या १८३० च्या दशकातील कामापासून माहीत होते. १८९१ मध्ये लंडनचे टॉमस रुडॉल्फस डालमायर, बर्लिनचे अडॉल्फ मीटे आणि म्यूनिकचे श्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी, परंतु स्वतंत्रपणे, हे तत्त्व छायाचित्रणाच्या लेन्समध्ये उतरवले. डालमायर यांनी १८९९ मध्ये या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध केला. पुढे बहिर्वक्र, म्हणजे किरण एकत्र आणणारा भिंगसमूह, आणि मागे अंतर्वक्र, म्हणजे किरण फाकवणारा समूह, अशी ही रचना आहे. पुढच्या समूहाने तीव्रतेने आत वळवलेल्या किरणांना मागचा समूह थोडे सरळ करतो, आणि त्यामुळे ते किरण जणू बरेच पुढे असलेल्या एखाद्या दुबळ्या भिंगातून निघाल्यासारखे मंद उताराने फिल्मवर उतरतात. नाभीय अंतर मोजायचे ते त्या काल्पनिक भिंगापासून, आणि म्हणून प्रत्यक्ष लेन्स नाभीय अंतराहून आखूड राहते.

एका साध्या गणिताने या रचनेची किंमतही दिसते. पुढे ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घेतले आणि त्याच्या मागे २२५ मिलिमीटरवर १५० मिलिमीटर नाभीय अंतराचे अंतर्वक्र भिंग ठेवले, तर त्याच्यापुढे ७५ मिलिमीटरवर मिळणारे किरण आता १५० मिलिमीटरवर मिळतात, प्रतिमा दुप्पट होते आणि जोडीचे एकत्रित नाभीय अंतर ६०० मिलिमीटर ठरते. एकूण लांबी मात्र ३७५ मिलिमीटरच भरते. हा लाभ मोठा आहे, परंतु ही लेन्स एफ/४ हवी असेल तर पुढच्या भिंगाचा व्यास १५० मिलिमीटर राहतो, आणि ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या त्या भिंगाला प्रत्यक्षात एफ/२ चे काम करावे लागते. अशा भिंगाची वक्रता तीव्र आणि मध्यभागाची जाडी मोठी असते. शिवाय त्याचे सर्व दोष मागचे भिंग दुप्पट करून दाखवते, म्हणून ते दोष मिटवण्यासाठी आणखी भिंगे घालावी लागतात. लांबी जितकी वाचवावी तितके काचेत भरावे लागते, हे टेलिफोटो रचनेचे मूळ देणेघेणे आहे. आजच्या रचनाकारांनीही लांबी फार ताणून कमी केलेली नाही: कॅननची २०१८ ची ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स ४४८ मिलिमीटर लांब आहे, आणि तिच्या माउंटपासून, म्हणजे कॅमेऱ्याला जोडण्याच्या कड्यापासून, संवेदकापर्यंतचे ४४ मिलिमीटर धरले तरी नाभीय अंतराच्या ८२ टक्के लांबी तिने ठेवली आहे.

डालमायर यांच्या पिढीला वजनाची चिंता फारशी नव्हती, कारण त्या काळच्या टेलिफोटो लेन्स अतिशय मंद होत्या. साध्या लेन्सच्या मागे जोडायच्या अंतर्वक्र भागाने प्रतिमा जितकी पट वाढे, तितक्याच पटीने एफ-अंकही वाढत असे, आणि डोंगर, इमारती, स्थिर देखावे यांपलीकडे त्यांचा उपयोग मर्यादित होता. १९०५ मध्ये एमिल बुश यांच्या कारखान्याने बिस-टेलार ही ठरावीक नाभीय अंतराची स्वतंत्र टेलिफोटो लेन्स आणली आणि पुढील पिढ्यांसाठी मार्ग घालून दिला, पण तीही एफ/९ च्या आसपासच होती. वेगवान लेन्सची खरी मागणी आली ती खेळांच्या मैदानावरून. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या काळात झाइस कंपनीसाठी लुडविग बेर्टेले यांनी रचलेली १८० मिलिमीटर एफ/२.८ झोनार लेन्स पुढे ऑलिंपिया याच नावाने प्रसिद्ध झाली. आजच्या मापाने ती सुपर-टेलिफोटो नव्हे, तरीही दूरच्या हालचालीला गोठवण्यासाठी रुंद छिद्र हवे आणि रुंद छिद्रासाठी जड काच हवी, हे समीकरण तिने रूढ केले.

याच टप्प्यावर दुसरी अडचण तीव्र झाली, ती रंगांची. काच निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा अधिक वळवते, म्हणून साध्या भिंगात प्रत्येक रंग वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येतो. या दोषाला वर्णविपथन म्हणतात. अठराव्या शतकात चेस्टर मूर हॉल यांनी क्राऊन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचा एकत्र जोडून हा दोष बराच कमी करता येतो हे दाखवले आणि १७५८ मध्ये जॉन डोलंड यांनी त्याचे एकस्व मिळवले. पण अशा अवर्णी जोडीत दोनच रंग एका ठिकाणी आणता येतात. उरलेले रंग थोडे पुढेमागे राहतात, आणि हे उरलेले अंतर साधारणपणे नाभीय अंतराच्या दोन-हजारांशाएवढे असते. ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ते एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे. ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये मात्र ते ०.३ मिलिमीटर होते, आणि एफ/४ छिद्राला त्यातून सुमारे ०.०७५ मिलिमीटर रुंदीचा रंगीत धुरकटपणा उरतो, जो पस्तीस मिलिमीटर फिल्मवर मान्य असलेल्या मर्यादेच्या अडीच पट आहे. पक्ष्याच्या पिसाच्या कडेला दिसणारी जांभळी किनार ती हीच. लेन्स जितकी लांब आणि जितकी वेगवान, तितका हा दोष असह्य होत गेला, आणि म्हणून सुपर-टेलिफोटोच्या इतिहासात काचेच्या रसायनाला यंत्रकामाइतकेच महत्त्व आले.

यावरचे औषध सूक्ष्मदर्शकाच्या क्षेत्रात आधीच सापडलेले होते. येना येथे एर्न्स्ट आबे यांनी ऑटो शॉट यांच्या नव्या काचांच्या जोडीला नैसर्गिक फ्ल्युओराइट वापरून १८८६ मध्ये तीन रंगांना एकत्र आणणारी सूक्ष्मदर्शक भिंगे सिद्ध केली होती. फ्ल्युओराइट म्हणजे कॅल्शियम फ्ल्युओराइडचे स्फटिक. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४३, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद सामान्य काचेहून कमी, परंतु रंग पसरवण्याची प्रवृत्ती अत्यल्प आणि निळ्या बाजूचे वर्तन काचेहून वेगळे. अडचण एवढीच की निसर्गात मिळणारे निर्दोष खडे लहान असतात. सूक्ष्मदर्शकाच्या मण्याएवढ्या भिंगाला ते पुरतात, वीतभर रुंदीच्या भिंगाला पुरत नाहीत. म्हणून जवळजवळ आठ दशके हे ज्ञान दूरच्या छायाचित्रणाला निरुपयोगी राहिले.

मधल्या काळात वजनातून सुटण्याचे दोन वेगळे मार्ग चोखाळले गेले. पहिला मार्ग काच कमी करण्याचा होता. जर्मनीतील नोव्होफ्लेक्सच्या आणि पुढे लाइट्सच्या ४०० मिलिमीटर लेन्समध्ये दोनच भिंगांची अवर्णी जोडी लांब नळीच्या टोकाला बसवलेली असे, छिद्र एफ/५.६ किंवा एफ/६.८, टेलिफोटो रचना नाही, त्यामुळे लांबी पूर्ण, पण नळी पोकळ असल्यामुळे वजन हातात पेलण्याजोगे. नोव्होफ्लेक्सने त्याला पिस्तुलासारखी मूठ जोडून मुठीच्या दाबाने फोकस बदलण्याची सोय केली, आणि उडत्या पक्ष्यांच्या छायाचित्रकारांनी ती पुष्कळ वर्षे आवडीने वापरली. दुसरा मार्ग आरशांचा होता. रशियन शास्त्रज्ञ दिमित्री माक्सुतोव यांनी १९४१ मध्ये वक्र आरसा आणि पुढे एक जाड वाटीदार भिंग अशी रचना मांडली. प्रकाश नळीत पुढेमागे दुमडला जात असल्याने लांबी फारच घटते, आणि आरसा सर्व रंगांना सारखाच परावर्तित करत असल्याने वर्णविपथनाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. सोव्हिएत संघात या तत्त्वावर बनलेल्या ५०० आणि १००० मिलिमीटरच्या एमटीओ लेन्स जगभर पोहोचल्या, आणि १९८९ मध्ये मिनोल्टाने स्वयंचलित फोकस असलेली ५०० मिलिमीटर एफ/८ आरसा-लेन्स अवघ्या ६६५ ग्रॅममध्ये बसवली. परंतु मधला छोटा आरसा प्रकाशाचा मध्यभाग अडवतो, म्हणून पार्श्वभूमीतील प्रत्येक धूसर ठिपका कड्यासारखा उमटतो. छिद्र लहानमोठे करता येत नाही, आणि प्रतिमेचा उठावही कमी राहतो. हलकेपणासाठी चित्राच्या गुणवत्तेत तडजोड करायला व्यावसायिक छायाचित्रकार तयार नव्हते, आणि त्यांचा हा नकारच पुढील प्रगतीला कारण झाला, असे म्हणणे योग्य ठरेल.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी निकॉनने ४००, ६००, ८०० आणि १२०० मिलिमीटरच्या लेन्सचा संच आणला, ज्यात फोकस करण्याचा भाग एकच आणि पुढचे भिंगनळे बदलायचे होते. त्यांची छिद्रे अनुक्रमे एफ/४.५, ५.६, ८ आणि ११ अशी होती. म्हणजे नाभीय अंतर वाढले तरी व्यास साधारण शंभर मिलिमीटरच्या आसपासच ठेवलेला होता, आणि तत्कालीन काचेला पेलणारी सीमा तेथेच होती. ती सीमा ओलांडण्यासाठी कॅननने १९६६ मध्ये कृत्रिम फ्ल्युओराइट वाढवण्याचा प्रकल्प हाती घेतला. शुद्ध केलेला पदार्थ निर्वात भट्टीत चौदाशे अंशांहून अधिक तापमानाला वितळवायचा आणि मग इतक्या सावकाश थंड करायचा की सर्व स्फटिक एकसंध, ताणरहित वाढावा. घाई झाली तर स्फटिकात ताण राहतो आणि प्रकाश फाटतो. हा पदार्थ काचेहून मऊ असल्याने ओरखडे लवकर पडतात, आणि तापमानातील अचानक बदलाने तडकतो, म्हणून घासण्याचे काम काचेच्या तुलनेत कितीतरी संथ चालते. १९६९ च्या मे महिन्यात बाजारात आलेली कॅननची ३०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्स ही कृत्रिम फ्ल्युओराइट वापरणारी सामान्य ग्राहकांसाठीची पहिली लेन्स होय. निकॉनने दुसरी वाट धरली: रंग कमी पसरवणारी, ईडी या नावाने ओळखली जाणारी काच स्वतःच्या कारखान्यात वितळवून १९७२ च्या साप्पोरो हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी ३०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्स पुढे आणली. या दोन घटनांनंतर ३०० एफ/२.८, ४०० एफ/२.८ आणि ६०० एफ/४ ही मापे क्रीडाछायाचित्रणाची प्रमाणमापे बनली. आज मैदानाच्या कडेला दिसणाऱ्या कॅननच्या पांढऱ्या नळ्यांचा उगमही यातच आहे. फ्ल्युओराइट उष्णतेने सामान्य काचेच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते, म्हणून उन्हात नळी कमी तापावी यासाठी पांढरा रंग निवडला गेला.

काच सुधारली, पण वजन आणखी वाढले, कारण आता रुंद छिद्र शक्य झाले होते. त्यातही किलोकिलोची काच पुढेमागे सरकवून फोकस करणे हे जिकिरीचे काम होते. लेन्सची लांबी आणि तोल प्रत्येक फोकसला बदलत असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकॉनने आतल्या आत फोकस करण्याची पद्धत आपल्या ईडी लेन्समध्ये रूढ केली: पुढचे जड भिंग हलत नाही, मधला एक लहानसा समूह थोडासा सरकतो, आणि तेवढ्याने संपूर्ण लेन्सचे फोकस बदलते. ही सुधारणा दिसायला किरकोळ असली, तरी स्वयंचलित फोकसचे सारे पुढचे युग तिच्यावर उभे आहे, कारण काही ग्रॅमचा समूह लहानशा मोटरला क्षणार्धात हलवता येतो. १९८७ मध्ये कॅननने ३०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्समध्ये ध्वनातीत कंपनांवर चालणारी मोटर बसवली, तेव्हा त्या लेन्सचे वजन २,८५५ ग्रॅम होते.

हलकेपणाचा विचार बाजूला ठेवून क्षमतेच्या टोकाला जाण्याचा मोहही याच काळात अनावर झाला. कॅननची १९९३ ची १२०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्स साडेसोळा किलोची होती आणि मागणीनुसारच बनवली जात असे. झाइसने २००६ मध्ये एका अनाम ग्राहकासाठी बनवलेली १७०० मिलिमीटर एफ/४ लेन्स तर २५६ किलोची भरली. अशी यंत्रे पराक्रमाची साक्ष देतात, पण छायाचित्रणाच्या रोजच्या व्यवहारात त्यांनी काही बदलले नाही, आणि इतिहासात त्यांना जितकी जागा मिळते तितकी त्यांच्या वाट्याला यायला नको.

खरा बदल समजून घेण्यासाठी एकाच मापाची लेन्स पिढ्यान्‌पिढ्या पाहावी. कॅननची ४०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्स १९९१ मध्ये ६,१०० ग्रॅमची होती. १९९६ च्या आवृत्तीत ५,९१० ग्रॅम. १९९९ मध्ये, हाताच्या कंपनाची भरपाई करणारी यंत्रणा आत बसवूनही, ५,३७० ग्रॅम. २०११ मध्ये ३,८५० ग्रॅम. आणि २०१८ मध्ये २,८४० ग्रॅम. नाभीय अंतर तेच, छिद्र तेच, पुढच्या भिंगाचा १४३ मिलिमीटर व्यास तोच, आणि वजन निम्म्याहून कमी. पहिल्या टप्प्यांतील घट मुख्यतः धातूची होती: ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियमचे मिश्रधातू, काही ठिकाणी टायटेनियम. २०११ मध्ये पुढच्या भिंगाचे रक्षण करणारी स्वतंत्र काच काढून टाकली गेली. दर्शनी बाजूची ती काच व्यासाने सर्वांत मोठी असल्यामुळे तिच्या जाण्याने झालेली बचतही मोठी होती. फ्ल्युओराइटचा वाढता वापरही उपयोगी पडला, कारण त्याची घनता सुमारे ३.१८ असून रंगदोष मिटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ईडी काचांहून ते हलके आहे.

२०१८ मधील घट मात्र वेगळ्या विचारातून आली. पूर्वीच्या रचनांत पहिल्या भिंगाच्या पाठोपाठ दुसरे आणि तिसरे भिंग असे, म्हणजे तीन जवळजवळ पूर्ण रुंदीच्या काचा नळीच्या तोंडाशीच एकत्र ठासलेल्या असत, कारण रंगदोष जेथे निर्माण होतो तेथेच तो मिटवणे गणिताने सोपे असते. नव्या रचनेत पहिले भिंग एकटे पुढे ठेवले, त्याच्या मागे मोठी पोकळी सोडली आणि दोष सुधारणारी भिंगे कॅमेऱ्याच्या दिशेने मागे नेली. मधल्या अंतरात प्रकाशाचा शंकू निमुळता होत जातो, म्हणून मागची भिंगे अरुंद व्यासाची चालतात, आणि व्यासाच्या घनाने वजन घटत असल्याने सुरुवातीला सांगितलेला साडेआठशे आणि अडीचशे ग्रॅमचा हिशेब येथे प्रत्यक्षात उतरतो. त्याची किंमत म्हणजे दोष जन्मस्थानापासून दूर सुधारावा लागतो आणि भिंगांच्या जागेतील किंचितसा फरकही चित्रात दिसतो. गणकयंत्रांवरील रचना, फ्ल्युओराइटची उपलब्धता आणि जुळणीतील अचूकता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच हे साधले. त्याच वर्षी सोनीने २,८९५ ग्रॅमची ४०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्स आणली, ज्यातही भार मागे नेण्याचा तोच विचार होता.

याच्या समांतर एक निराळी शाखा वाढली. ओगुस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी जाड भिंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांच्या वलयांचे पातळ भिंग योजले होते. आधुनिक लेन्समधील वलये त्याहून कितीतरी सूक्ष्म असतात आणि त्यांचे कार्य विवर्तनाने, म्हणजे प्रकाशलहरी सूक्ष्म कडांवरून वाकण्याच्या गुणाने चालते. विवर्तनाचा विशेष असा की त्यात लाल प्रकाश निळ्यापेक्षा अधिक वळतो, अगदी काचेच्या उलट. त्यामुळे काचेचे आणि वलयांचे रंगदोष परस्परांना छेदतात आणि जाड सुधारक भिंगांची गरज कमी होते. कॅननने २००१ मध्ये या तत्त्वावर ४०० मिलिमीटर एफ/४ लेन्स १,९४० ग्रॅममध्ये आणली, आणि निकॉनने २०१५ मध्ये ३०० मिलिमीटर एफ/४ लेन्सचे वजन १,४४० वरून ७५५ ग्रॅमवर आणले. उणीव एकच, की चित्रात तीव्र प्रकाशाचा स्रोत आला तर त्याभोवती रंगीत वलये उमटू शकतात. निकॉनची २०२२ ची ८०० मिलिमीटर एफ/६.३ लेन्स २,३८५ ग्रॅमची आहे, तर २०१३ ची एफ/५.६ लेन्स ४,५९० ग्रॅमची होती. या घटीत छिद्र किंचित लहान करण्याचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये.

छिद्र लहान करण्याची मुभा दिली ती संवेदकांनी. अंधुक प्रकाशातही स्वच्छ चित्र देणारे संवेदक आल्यावर २०२० मध्ये कॅननने ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या एफ/११ लेन्स अनुक्रमे ९३० आणि १,२६० ग्रॅममध्ये आणल्या. प्रवेशद्वार ५५ आणि ७३ मिलिमीटरवर आले. भागाकाराच्या नियमातून सूट मिळाली नाही, तर त्या नियमातील मागणीच कमी झाली. तज्ज्ञांनी या लेन्सकडे काहीशा नाराजीने पाहिले, तरी सामान्य पगारदार निसर्गप्रेमीच्या हातात ८०० मिलिमीटर नाभीय अंतर आले, आणि सामाजिक दृष्टीने ही घटना सर्वांत महागड्या लेन्सच्या कोणत्याही नव्या आवृत्तीपेक्षा मोठी मानली पाहिजे.

महाराष्ट्रातील वन्यजीव छायाचित्रणात या बदलाचे परिणाम ठळक दिसतात. ताडोबाच्या जिप्सीत लेन्स बीनबॅगवर टेकवता येते, तेथे सहा किलोची लेन्सही चालून जात असे. परंतु उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी जाणाऱ्याला डुलणाऱ्या होडीत तिपाईचा उपयोग नसतो, आणि उडणाऱ्या थव्यामागे लेन्स हातानेच फिरवावी लागते. अशा वेळी एकूण वजनापेक्षा ते कोठे आहे याला महत्त्व येते. पाण्याची भरलेली बादली अंगाजवळ धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक आहे, तोच तोंडाशी जड असलेल्या आणि माउंटजवळ जड असलेल्या लेन्समध्ये आहे. मनगटावर आणि खांद्यावर पडणारा ताण वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराने ठरतो, आणि लेन्स वळवताना लागणारा जोर तर अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणूनच ज्यांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही पिढ्यांच्या लेन्स हाताळल्या आहेत, त्यांना नवी लेन्स तराजूतील आकड्यांपेक्षाही अधिक हलकी जाणवते.

कंपन्यांच्या माहितीपत्रकांत मात्र सहसा वजनाचाच आकडा असतो. लेन्सचा गुरुत्वमध्य माउंटपासून किती मिलिमीटरवर आहे, हा दुसरा आकडाही वजनाच्या शेजारी छापला जावा, आणि खरेदी करणाऱ्याने तो छापलेला नसेल तर लेन्स कॅमेऱ्याला लावून, हातात तोलून, स्वतः पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.